नावे दहा, कूळ एक : भुईमुगाच्या वाणांची वंशावळ मागू या



कपाशी आणि ज्वारीच्या मुलखात भुईमुगाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. आपल्या हलक्या, मुरमाड वावरात खरिपाचा भुईमूग हे एकेकाळी घरचे पीक होते. घाण्याला दाणे, पोरांना मूठभर शेंगा, बैलांना पाला आणि पुढच्या ज्वारीसाठी जमिनीत थोडे नत्र, एवढे सगळे एकाच पिकातून निघे. आज त्यातल्या बऱ्याच वावरांत सोयाबीन उभे आहे. सोयाबीन आले ते कोणी जबरदस्तीने आणले नाही. तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा पडतो, कापणी-मळणी यंत्राने होते, म्हणून शेतकऱ्याने ते घेतले. त्याचा हिशोब बरोबर होता. गेलेल्या पिकासाठी गळा काढायला आम्ही हे लिहीत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्याला आज भुईमूग पेरायचा आहे, त्याच्यापुढे निवड करायला नेमके आहे तरी काय? दुकानात, विद्यापीठाच्या दालनात, कृषी खात्याच्या पत्रकात वाणांची नावे पुष्कळ. त्या नावांच्या मागे खरोखर वेगवेगळी झाडे आहेत, की एकाच कुळातली भावंडे टोप्या बदलून उभी आहेत? हा प्रश्न पैदासकारांच्या प्रयोगशाळेतला वाटतो. पण त्याची किंमत प्रयोगशाळा मोजत नाही, आपण मोजतो.

कपाशीने शिकवलेला धडा

कपाशीवाल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. २००२ साली बीटी कपाशीला सरकारने परवानगी दिली. त्यानंतर काही वर्षांतच पाकिटांची शेकडो नावे बाजारात आली. चित्रे वेगळी, कंपन्या वेगळ्या, जाहिराती वेगळ्या. पण बहुतेक पाकिटांत अळीविरुद्धचे हत्यार एकच, आणि २००६ पासून एकाऐवजी दोन. बोंडअळीने पाकिटावरचे नाव वाचले नाही. तिने आतले हत्यार ओळखले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात काय केले ते आपण डोळ्यांनी पाहिले. ज्याने चार कंपन्यांची चार पाकिटे पेरून जोखीम वाटून घेतली असे मानले होते, त्याची चारही वावरे एकदमच गेली.

यावरून तंत्रज्ञान वाईट असा निष्कर्ष जे काढतात ते चुकतात. बीटीने बरीच वर्षे फवारणीचा खर्च वाचवला, हे आपण विसरणार नाही. चूक एवढीच झाली की एकाच हत्यारावर सगळी लढाई सोडली गेली आणि दुसरे हत्यार वेळेवर येऊ दिले गेले नाही. नावे अनेक असली म्हणजे विविधता असते असे नाही, हा त्यातला धडा.

अमेरिकेलाही हा धडा १९७० साली मिळाला. तिथल्या संकरित मक्यापैकी चार-पंचमांशाहून अधिक क्षेत्रावरचा मका वेगवेगळ्या नावांनी विकला जात होता, पण संकर करण्याच्या सोयीसाठी सगळ्यांत एकच मादी कूळ वापरले होते. त्या कुळाला घातक ठरणारी करप्याची एक जात आली आणि एका हंगामात देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. श्रीमंत देश होता, सावरला. आपल्या वावराचे १५ टक्के गेले तर सावकाराच्या दारात जावे लागते.

भुईमुगाचे कूळ मुळातच अरुंद

आता भुईमुगाकडे वळू. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतले. दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिना या पट्ट्यात काही हजार वर्षांपूर्वी दोन रानटी जातींचा संकर झाला. त्या दोन जातींची नावे शास्त्रज्ञांनी ड्युरानेन्सिस आणि इपाएन्सिस अशी ठेवली आहेत. दोघींची गुणसूत्रे वीस-वीस. त्यांच्या संकरातून जे झाड उभे राहिले त्याची गुणसूत्रे दुप्पट होऊन चाळीस झाली. तेच आपल्या भुईमुगाचे मूळ.

गुणसूत्रे दुप्पट झाली आणि एक मोठी अडचण होऊन बसली. वीसवाल्या रानटी नातेवाइकांशी चाळीसवाल्याचा संकर सहजासहजी होत नाही. झाला तरी संतती बहुधा वांझ निघते. त्यात भुईमूग स्वपरागी. फूल उमलते तोवर बहुतेक काम आतल्या आत उरकलेले असते. म्हणजे एका अपघाती सोयरिकीतून घर उभे राहिले आणि लगेच दाराला कडी लागली. जगात आज जिथे कुठे भुईमूग पिकतो, तो जवळपास सगळा या एकाच घराचा विस्तार आहे.

माणसाने त्या घरातून पुष्कळ रूपे काढली. उपटी, निमपसरी, पसरी. लाल टरफलाचा, फिकट टरफलाचा. दोन दाण्यांची शेंग, तीन-चार दाण्यांची शेंग. डोळ्याला फरक भरपूर दिसतो. पण १९९० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याच्या खुणा ताडून पाहिल्या तेव्हा वेगळेच चित्र निघाले. रानटी जातींत खुणांचे फरक ढिगाने सापडले. लागवडीच्या वाणांत फरक शोधायला दिवा घेऊन फिरावे लागले. पुढे तपासण्या अधिक बारीक झाल्या, तेव्हा लागवडीच्या वाणांतही फरक मिळाले. पण मूळ गोष्ट बदलली नाही. कपाशी किंवा मक्याच्या मानाने भुईमुगाचे कूळ अरुंदच आहे.

आपल्या ओळखीचे वाण पाहा. एस.बी.-११ हा १९६०च्या दशकातला, अजूनही गावागावांत नाव निघते. जळगावचा जे.एल.-२४, म्हणजेच फुले प्रगती, १९७०च्या दशकाच्या अखेरीस आला. तो तैवानहून आलेल्या एका नमुन्यातून निवडून काढलेला. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचे वाण 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' या जुन्या उपट्या वाणाच्या बियाण्यावर क्षकिरण सोडून सुरू झाले. त्याच परंपरेत पुढे अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर टी.ए.जी.-२४ तयार झाला. यांतले प्रत्येक काम मोलाचे आहे. किरणांनी काही नवे गुणही पुढे आले, हे नाकारता येणार नाही. तरी वंशावळी मागे मागे नेल्या की तेच ते उपट्या कुळातले आजे-पणजे भेटत राहतात. नव्या वाणाचे नाव ऐकून आपण नवे रक्त आले असे समजतो. ते बहुधा चुलत घरचे असते.

फरक मोजतात कसा

दोन वाण एकमेकांपासून किती दूर आहेत, हे नुसते बघून सांगता येत नाही. त्यासाठी चाळीस-पन्नास वाण एकाच वावरात शेजारी शेजारी, तीन-तीनदा पेरतात. किती दिवसांनी फुलला, आऱ्या किती सुटल्या, झाडाला भरल्या शेंगा किती आणि पोचट किती, शंभर दाण्यांचे वजन काय, शेंगेला दाण्याचा उतारा किती, तेल किती, टिक्का किती पडला, अशा दहा-पंधरा गोष्टी मोजतात. मग सगळ्या आकड्यांचा एकत्र मेळ घालून कोणता वाण कोणाच्या जवळचा आणि कोणाच्या दूरचा हे ठरवतात आणि वाणांचे गट पाडतात.

हा मेळ घालण्याचे एक सूत्र आपल्याच देशातल्या माणसाने दिले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ते १९३६ साली मांडले. आपल्या कृषी विद्यापीठांत त्यावर प्रबंधांचे गठ्ठे पडले आहेत. हेच महालनोबिस पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार झाले. कारखान्यांना पाट आणि शेतीला पाटावरचे उरलेसुरले, अशी मांडणी करणारी ती योजना. त्यांच्या योजनेने शेतकऱ्याचे भले केले नाही. त्यांच्या सूत्राने करता येईल, पण ते प्रबंधाच्या बाहेर आले तर.

सूत्राचा उपयोग काय? आपण भावकीत सोयरीक करत नाही. एकाच वळूवर गावाची पैदास वर्षानुवर्षे चालली तर गुरे खुरटतात, हे गोठ्यातल्या माणसाला ठाऊक असते. पैदासकाराचेही तसेच. जवळच्या दोन वाणांचा संकर केला तर हाती येते ते आई-बापासारखेच; आणखी एक नाव वाढते इतकेच. दूरच्या गटातले, आणि आपल्याला हवा तो गुण असलेले दोन वाण एकत्र आणले तर संततीत नवे मेळ निघतात आणि त्यांतून निवडायला वाव मिळतो. फरक मोजणे हे म्हणजे पैदाशीच्या आधी सोयरिकीची चौकशी करणे आहे. चौकशी न करता लग्ने लावणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

यात एक मेख आहे. फरक कुठे मोजला याला फार महत्त्व आहे. विद्यापीठाच्या ओलिताच्या, खतावलेल्या, फवारलेल्या प्रक्षेत्रावर मोजलेला फरक आपल्या बरड वावरात खरा ठरेलच असे नाही. पाण्यावर सगळेच वाण हसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली, आऱ्या सुटायच्या वेळी माती दगडासारखी झाली, तेव्हा कोण तगतो आणि कोण कोलमडतो, हा कोरडवाहूवाल्यासाठी खरा फरक. तो ओलिताखाली दिसतच नाही.

राशीतून वानगी

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली कोरडवाहू पिकांसाठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, सुरू झाली. तिच्या थंड कोठारात जगभरातून गोळा केलेले भुईमुगाचे सुमारे १५,००० नमुने आहेत. एवढे नमुने कोणताही पैदासकार एका हंगामात पेरून पाहू शकत नाही. मग तिथल्या शास्त्रज्ञांनी आडत्यासारखी युक्ती केली. राशीतून वानगी काढली. सगळ्या राशीतले वेगळेपण टिकेल अशा बेताने आधी १,७०४ नमुन्यांचा गाभा निवडला आणि त्यातूनही १८४ नमुन्यांची छोटी वानगी केली. म्हणजे राशीच्या शेकडा एक-सव्वा दाण्यांत बहुतेक सगळ्या राशीचा रंग आला. हे काम या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच झाले आहे.

आता साधा हिशोब करू. पाच मीटरची एक ओळ, ओळी-ओळीत फुटाचे अंतर धरले तर १८४ नमुने पावणेतीन-तीन गुंठ्यांत बसतात. तीन-तीनदा पेरले आणि फिरायला वाटा ठेवल्या तरी जागा लागते दहा-बारा गुंठे. जगातल्या भुईमुगाची वानगी आपल्या गावाबाहेरच्या वावराच्या कोपऱ्यात मावते! ती आजवर कोरडवाहू जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या बांधावर, शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर पेरली जायला हवी होती. नव्या योजनेची, नव्या महामंडळाची, मंत्र्याच्या नारळाची त्याला गरज नाही.

शेतकऱ्याला यातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांना अनंतपूर दाखवावे लागेल. आंध्रचा हा जिल्हा भुईमुगाचा आणि दुष्काळाचा. तिथे टी.एम.व्ही.-२ हा १९४० सालचा वाण साठ वर्षे आणि त्याहून अधिक काळ ठाण मांडून होता. मधल्या काळात नवे वाण कागदावर पुष्कळ निघाले, शेतकऱ्याने उचलले नाहीत. २००० नंतरच्या वर्षांत शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांच्याच रानात वेगवेगळे वाण शेजारी शेजारी पेरले आणि निवड त्यांच्यावर सोडली. दुष्काळात तग धरणारा आय.सी.जी.व्ही.-९१११४ हा वाण तिथून वर आला. शेतकऱ्यांनी शेंगा मोजल्या तसा पालाही मोजला, कारण गुरे त्यांनाच पोसायची होती. प्रक्षेत्रावरच्या तक्त्यात पाल्याचा रकाना बहुधा शेवटी असतो.

दूरचे रक्त आल्यावर काय होते

टिक्का आणि तांबेरा हे आपल्या भुईमुगाचे दोन वैरी. पाने गळतात, शेंगा पोसत नाहीत आणि पाला गुरांच्याही कामाचा राहत नाही. लागवडीच्या वाणांत या दोघांविरुद्धची ताकद तुटपुंजी. ताकद होती ती बोलिव्हियातल्या कार्डेनासी नावाच्या रानटी जातीत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्या बंद दाराची कडी काढली आणि तिचा भुईमुगाशी संकर घडवला. पुढे बरीच वर्षे खपून त्यातून पिकाऊ ओळी निघाल्या. त्या पाटणचेरूला आल्या. तिथून धारवाडला पोचल्या आणि जी.पी.बी.डी.-४ हा टिक्का-तांबेऱ्याला सहज दाद न देणारा वाण तयार झाला. मग इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी जी.पी.बी.डी.-४ मधला तांबेऱ्याविरुद्धचा तेवढाच तुकडा, आनुवंशिक खुणांच्या आधाराने माग काढत, जुन्या लोकप्रिय वाणांत उतरवला. २०१४ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. ते वाण कोणते? आपल्या जळगावचा जे.एल.-२४, अकोला-ट्रॉम्बेचा टी.ए.जी.-२४ आणि अनंतपूरचा ९१११४.

म्हणजे बोलिव्हियाच्या माळावरच्या एका रानवेलीतली ताकद अमेरिका, तेलंगण आणि धारवाड असा प्रवास करून खानदेश-वऱ्हाडच्या वाणात येऊन बसली. रोगाविरुद्ध फवारणीचा एक हात वाचला तरी कोरडवाहूवाल्याला केवढा! वेगळेपण शोधले नसते, मोजले नसते, जपले नसते तर हे झाले नसते.

दुसरे उदाहरण तेलाचे. भुईमुगाचे दाणे आणि तेल ठेवले की खवट होते. फ्लोरिडात नमुने तपासताना १९८७ साली एक ओळ सापडली. तिच्या तेलात ओलेइक आम्ल ८० टक्क्यांच्या आसपास होते. नेहमीच्या भुईमुगात ते निम्म्याच्या आगेमागे असते. असे तेल लवकर खवट होत नाही, असे दाणे जास्त टिकतात, खाद्य कारखाने त्याला मागणी देतात. तो गुण आणून आपल्या देशात गिरनार-४ आणि गिरनार-५ हे वाण २०२० साली निघाले.

आणि आपल्या मुलखाची जुनी अडचण? उपटा भुईमूग शंभर दिवसांत येतो, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की शेंगा जमिनीतच उगवतात, कारण त्याच्या ओल्या दाण्याला झोप नसते. पसरीला झोप असते, पण ती महिनाभर उशिरा येते. तोवर जमीन आवळते आणि निम्म्या शेंगा मातीत तुटून राहतात. आपल्याला हवा उपटा, लवकर येणारा आणि दोन-तीन आठवडे झोपणारा. असा मेळ भावकीतल्या लग्नातून कसा निघेल? उपट्यांच्या गर्दीत झोपेचा गुण कुठे दडला आहे तो शोधावा लागेल, नाहीतर दूरच्या गटातून आणावा लागेल. शेंगा फोडून बियाणे निवडणाऱ्या आपल्या घरच्या बायांना कोणत्या वावरची शेंग उगवली आणि कोणत्या वावरची नाही हे तोंडपाठ असते. त्यांना आजवर कोणी विचारले?

हे काम कंपन्या का करणार नाहीत

कोणी म्हणेल, बाजार खुला ठेवा, कंपन्या वाण आणतील. कपाशी आणि संकरित ज्वारीत हे खरे आहे. भुईमुगाचे गणित वेगळे. कपाशीला एकरी किलोभर बियाणे लागत नाही, ज्वारीला तीन-चार किलो. भुईमुगाला चाळीस किलोच्या आसपास दाणे लागतात. ज्वारीचा एक दाणा शेकड्यांनी परत येतो. भुईमुगाचे एकाचे आठ-दहा झाले तर हंगाम चांगला म्हणायचा. नव्या वाणाचे एक क्विंटल बियाणे हाती आले तर पहिल्या हंगामात दहा, दुसऱ्यात शंभर, तिसऱ्यात हजार क्विंटल. तेही सगळे हंगाम साधले तर. हजार क्विंटलांत पेरणी होईल अडीच हजार एकर. एका तालुक्यालाही पुरत नाही. आणि स्वपरागी पीक असल्याने शेतकरी एकदा नेलेले बियाणे पुढे घरचेच धरतो. मग कंपनी यात पैसा कशाला घालील?

म्हणून भुईमुगाचे संशोधन सरकारी संस्थांकडे राहिले आहे. सरकारपुढे हात पसरण्याची आपली रीत नाही. आपण घामाचे दाम मागतो, खिरापत मागत नाही. पण हे संशोधन आपल्याच पैशातून चालते आणि नमुनेही शेतकऱ्यांच्याच पिढ्यांनी जपलेले आहेत. त्याचा हिशोब मागणे ही भीक नाही.

दारे बंद करू नका

आणखी एका धोक्याबद्दल बोलले पाहिजे. 'आमचे बियाणे आमच्या देशाबाहेर जाऊ देऊ नका' अशी हाकाटी मधूनमधून उठते. ऐकायला मर्दानी वाटते. पण जळगावच्या जे.एल.-२४ चा बाप तैवानचा आणि तोच जे.एल.-२४ आफ्रिकेत मलावीत काकोमा, झांबियात लुएना या नावाने पेरला जातो. खानदेशचे बियाणे मलावीच्या शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत गेले याने खानदेशचे काय गेले? आणि बोलिव्हियाने रानवेल दिली नसती तर आपला तांबेरा कोणी अडवला असता?

१९९२ च्या जैवविविधता करारानंतर प्रत्येक देश आपापल्या जननद्रव्यावर मालकी सांगू लागला. २००१ साली पिकांच्या जननद्रव्याच्या देवघेवीसाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या ६४ पिकांच्या यादीत ज्वारी आली, भुईमूग आला नाही. पाटणचेरूच्या कोठारातला संग्रह वेगळ्या कलमाखाली देवघेवीला खुला राहिला म्हणून निभावले. ज्या पिकाचे कूळ मुळातच अरुंद, त्याला तर बाहेरच्या रक्ताची सर्वांत जास्त गरज. दारे बंद करून कोणाचेच पोट भरणार नाही. शेतमालाच्या व्यापाराला जशी मोकळीक हवी तशीच बियाण्याच्या देवघेवीलाही हवी. फक्त देणाऱ्या शेतकऱ्याचे नाव आणि वाटा कागदावर राहिला पाहिजे.

त्यासाठी कायदाही आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त दुसऱ्याच्या संरक्षित वाणाचे बियाणे त्याचा शिक्का मारून विकता येत नाही. शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावाने नोंदवताही येतो. मोहोळला १९३०च्या दशकात मालदांडीतून निवडलेली एम-३५-१ ज्वारी अजून रब्बीत पेरली जाते. ती कोणा शेतकऱ्याच्या पेवातून आली, त्याचे नाव कुठेही नाही. पुढे तसे होता कामा नये.

आमच्या मागण्या

जिल्हा बैठकीत या विषयावर ठराव व्हावा असे आम्हाला वाटते. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

१. भुईमुगाच्या प्रत्येक प्रसारित वाणाच्या पिशवीवर आणि पत्रकावर त्याचे आई-बाप मराठीत छापावेत. आधीच्या वाणांपासून तो किती दूरचा, हे एका ओळीत सांगावे. बैल घेताना आपण खोड विचारतो, बियाणे घेताना का विचारू नये?

२. कोरडवाहू जिल्ह्यांत प्रत्येकी निदान एका शेतकऱ्याच्या वावरात, पावसाच्या भरवशावर, १८४ नमुन्यांची वानगी पेरावी. निवडीच्या दिवशी शेतकरी स्त्री-पुरुषांना बोलवावे आणि त्यांची पसंती आकड्यांबरोबर नोंदवावी.

३. तांबेऱ्याविरुद्ध सुधारलेल्या जे.एल.-२४ आणि टी.ए.जी.-२४ च्या ओळी आपल्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या वावरात तपासायला द्याव्यात. ज्या गटाला बियाणे वाढवायचे असेल त्याला मूळ बियाणे रोख पैशाने मिळावे. अनुदान नको, बियाणे द्या.

४. खानदेश, मराठवाडा, वऱ्हाडात कोणाकडे घरचा जुना वाण टिकून असेल तर तो गोळा करताना गावाचे आणि शेतकऱ्याचे नाव नोंदवावे, नमुन्याचा वाटा गावाला परत द्यावा आणि तपासणीचा निकाल कळवावा.

५. रानटी जातींचा संकर असो, आनुवंशिक खुणा असोत की आणखी पुढचे तंत्र, शेतकऱ्याच्या वावरात चाचणी घेण्यावर घातलेले अडसर काढावेत. कोणते हत्यार वापरायचे हे शेतकरी ठरवील.

शेवटी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. वाण कितीही चांगला निघाला तरी भाव नसेल तर तो कोठारातच शोभतो. १९९४ साली पामोलीनची आयात खुली झाली, आणि तेव्हापासून तेलबियांचे भाव जरा वर डोके काढू लागले की आयात शुल्क खाली येते, साठ्यावर मर्यादा बसते. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो आणि तेलबिया पिकवणाऱ्याला मात्र जास्त पिकवा म्हणून उपदेश करतो. भावाची लढाई आपण सोडणार नाही. पण भाव मिळाला त्या दिवशी पेरायला बियाणे असले पाहिजे, आणि ते एका तांबेऱ्यात, एका दडीत, एका अळीत सगळेच्या सगळे जाणारे नको.

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'नवा वाण आला' म्हणून सांगायला आले, तर बैठकीत उठून एकच प्रश्न विचारा : याचे आई-बाप कोण? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.